गुन्हेपट, थरारपट आणि त्यांचं मूळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही काही जण एकत्र जमून गुन्हेपट पाहतो, त्याचं मूळ पुस्तक किंवा त्यामागचा खटला वाचतो आणि मग त्यावर बोलतो. या निमित्तानं लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. कुठल्याही सिनेमाचं रहस्य फोडलेलं नाही, बिनधास्त वाचा.

१. सिनेमाचं ‘मूळ’ म्हणजे पुस्तकच का?

नाही. कादंबरी, कथा किंवा नाटक हे मूळ असू शकतं, तसंच पत्रकाराचं पुस्तक, पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी, न्यायालयाचा निकाल, दुसऱ्या भाषेतला सिनेमा किंवा एखादा लघुपटही मूळ असतो. ‘अंधाधुन’ (२०१८) एका छोट्या फ्रेंच लघुपटावरून सुचला. ‘बदलापूर’ (२०१५) मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीवर उभा आहे. ‘सेव्हन’ला (१९९५) मात्र असं कुठलंच मूळ नाही, ती पटकथाच स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. म्हणून सिनेमा सुरू होताना येणारी श्रेयनामावली पळवू नका. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

२. आधी पुस्तक वाचू की आधी सिनेमा पाहू?

गोष्टीचा सगळा जोर ‘कोणी केलं’ यावर असेल तर आधी पुस्तक वाचा. तपशील पेरायला लेखकाकडे जास्त जागा असते, आणि वाचक म्हणून फसण्याचा आनंद एकदाच मिळतो. जोर ‘का’ किंवा ‘कसं’ यावर असेल तर क्रमानं फारसं बिघडत नाही.

‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ दोन्ही बाजूंनी बघण्यासारखा आहे. टॉमस हॅरिसची कादंबरी १९८८ची आणि जोनाथन डेमीचा सिनेमा १९९१चा. कादंबरी नायिका क्लॅरिसच्या मनात शिरून तिला काय वाटतं ते सांगू शकते. कॅमेऱ्याला ती सोय नाही. डेमीनं काय केलं, तर क्लॅरिसशी बोलणारी माणसं थेट भिंगात पाहून बोलतात, आणि क्लॅरिस स्वतः बहुतेक वेळा किंचित बाजूला पाहते. त्यामुळे त्या पुरुषांच्या नजरा तिच्यावर नाही, आपल्यावर रोखलेल्या असतात. तिचा अवघडलेपणा एकाही संवादाशिवाय आपल्यापर्यंत येतो. पुस्तक वाचून सिनेमा पाहिला की ही युक्ती लगेच डोळ्यांत भरते.

३. मराठी वाचकानं सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर दर वेळी एकच असतं: ‘अर्धसत्य’. गोविंद निहलानींचा १९८३चा हा हिंदी सिनेमा श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि सिनेमाला ज्या कवितेतून नाव मिळालं ती दिलीप चित्रे यांची. म्हणजे हिंदी पोलीसपटाला ज्यानं नवं वळण दिलं, त्या सिनेमाची मुळं मराठी साहित्यात आहेत, आणि आपल्याकडच्या कित्येक वाचकांना ते माहीतही नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) हा नेहमीचा नायक नाही. बापाच्या धाकाखाली वाढलेला, वर्दी अंगावर चढल्यावरही ताकद कुठे वापरायची हे न उमगलेला माणूस आहे तो. कवितेच्या प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. हातात पुस्तक धरून तो मोठ्यानं वाचायला लागतो, सुरुवातीला नुसतं वाचल्यासारखं वाचतो, आणि ओळींगणिक त्याचा आवाज जड होत जातो. आपण स्वतःबद्दलच वाचतो आहोत हे त्याला वाचता वाचता कळतं.

यानंतर नागपूरकरांसाठी आणखी एक नाव. महेश एलकुंचवारांच्या ‘होळी’ या नाटकावर केतन मेहतांनी १९८४ मध्ये त्याच नावाचा सिनेमा केला. तो रूढ अर्थानं गुन्हेपट नाही. पण महाविद्यालयातल्या मुलांचा जमाव एका दिवसात क्रौर्यापर्यंत कसा पोचतो हे पाहायचं असेल, तर तो चुकवू नका. आपल्या गावातल्या नाटककाराचं हे काम आहे.

४. आपल्याकडे इतक्या रहस्यकथा लिहिल्या गेल्या, त्यावर सिनेमे का नाहीत?

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांच्या मालिका, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद... एका पिढीनं हे सगळं वाचनालयातून रोज एक या वेगानं वाचून संपवलं. पण समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्य मानलं नाही, आणि निर्मात्यांनीही मग तिकडे फारसं पाहिलं नाही, असं माझं मत आहे. शिरवळकरांच्या ‘समांतर’वर २०२० मध्ये सतीश राजवाडे यांनी वेबमालिका केली. ती लोकांनी आवडीनं पाहिली, म्हणजे मालात दम आहे. हक्कांची भानगड काय असते ते प्रश्न १५ मध्ये आहे.

५. ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहिलं की ते कितपत खरं मानायचं?

त्या पाटीवर अजिबात विसंबू नका. ‘फार्गो’ (१९९६) या अमेरिकी सिनेमाची सुरुवातच ‘ही सत्यकथा आहे’ अशा पाटीनं होते, आणि गोष्ट मात्र रचलेली आहे. आपल्याकडे उलटं घडतं. घटना सगळ्यांना ठाऊक असते आणि सुरुवातीला ‘सर्व पात्रं काल्पनिक’ अशी सूचना येते. कायदेशीर कटकट टाळायचा तो मार्ग आहे.

‘आधारित’ आणि ‘प्रेरित’ यांतही अंतर आहे. एड गीन हा विस्कॉन्सिनमधला गुन्हेगार १९५७ मध्ये पकडला गेला. रॉबर्ट ब्लॉकनं त्यावरून सुचलेली ‘सायको’ ही कादंबरी १९५९ मध्ये लिहिली आणि पुढच्याच वर्षी हिचकॉकचा सिनेमा आला. नंतर ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ (१९७४) आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला खुनी, दोघांतही गीनचे अंश उतरले. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जराही जुळत नाहीत. प्रेरणा म्हणतात ती एवढीच.

६. अक्कू यादव प्रकरणावर काय काय निघालं आहे? आणि त्यातलं खरं कोणतं?

नागपुरात हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर सुनावणीच्या खोलीत, कस्तुरबा नगरमधल्या महिलांच्या जमावानं अक्कू यादवला ठार केलं. खून, बलात्कार, खंडणी असे आरोप त्याच्यावर वर्षानुवर्षं होते आणि पोलिसांकडे जाऊन उपयोग होत नाही असा वस्तीचा अनुभव होता. अटक सुरू झाली तेव्हा बायका म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनीच मारलं, सगळ्यांना धरा. पुढे खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

यावरची दोन महत्त्वाची कामं मराठी माणसांशी जोडलेली आहेत. ‘२०० हल्ला हो’ (२०२१) हा हिंदी सिनेमा सार्थक दासगुप्ता यांनी दिग्दर्शित केला. त्यात रिंकू राजगुरू आहे आणि निवृत्त न्यायाधीशाच्या भूमिकेत अमोल पालेकर. हा कल्पित सिनेमा आहे, त्यातली नावं बदललेली आहेत. वस्तीची जात आणि कायद्याचा तिच्याशी होणारा व्यवहार हा विषय त्यानं उघडपणे मध्यभागी आणला, आणि ते त्याचं मोठं बळ आहे. दुसरी म्हणजे २०२२ची ‘इंडियन प्रेडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम’ ही तीन भागांची माहितीमालिका, दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. तिच्यात खुद्द वस्तीतली माणसं बोलतात.

घटना समजून घ्यायची असेल तर माहितीमालिका आधी आणि सिनेमा नंतर, असं मी सुचवतो. उलट केलं की सिनेमातला न्यायाधीश खरा होता असं डोक्यात बसतं. आणि एक कळकळीची विनंती. कस्तुरबा नगर ही माणसं राहतात अशी वस्ती आहे. सिनेमा पाहून तिथे ‘ती जागा’ बघायला जाऊ नका. ज्या बायकांनी ती वर्षं काढली, त्यांच्या नाती आज तिथून शाळेत जातात.

७. मानवतच्या खुनांवरची मालिका पाहिली. त्याआधी काही आलं होतं का?

हो, आणि ते शोधून पाहण्यासारखं आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुली यांचे खून झाले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या अंधश्रद्धेतून ते घडले असा आरोप होता. अमोल पालेकरांनी यावर १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा सिनेमा केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं.

२०२४ची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका वेगळ्या झऱ्यातून आली. तिचं मूळ तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं आठवणींचं पुस्तक आहे. आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णींचीच भूमिका केली आहे. त्यामुळे एकच प्रकरण दोन अगदी वेगळ्या जागांवरून दिसतं. तेंडुलकर-पालेकर गुन्हा करणाऱ्यांच्या घरात, त्यांच्या हावेत आणि भीतीत शिरतात. मालिका तपास करणाऱ्याच्या खांद्यावरून बघते, म्हणून तिथे पुरावा, जबाब आणि दबाव यांना वजन येतं. मूळ बदललं की सिनेमाची नजर कशी बदलते याचं याहून स्वच्छ उदाहरण मराठीत माझ्या पाहण्यात नाही. मुंबईतल्या रामन राघवचा तपासही याच कुलकर्णींनी केला होता. त्या प्रकरणावर श्रीराम राघवनचा १९९१चा आणि अनुराग कश्यपचा २०१६चा, असे दोन सिनेमे आहेत. दुसऱ्यात गोष्ट आजच्या मुंबईत आणली आहे, तिला इतिहास समजू नका.

८. जोशी-अभ्यंकर प्रकरणावरचा सिनेमा कोणता?

‘माफीचा साक्षीदार’ (१९८६), त्यात नाना पाटेकर आहेत. पुण्यातले हे खून १९७६-७७ मधले, आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. दोषींपैकी मुनव्वर शाहनं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथनही आहे. गुन्हेगारानं स्वतःबद्दल लिहिलेलं वाचताना तो कुठे गप्प बसतो तिकडे लक्ष ठेवा.

९. ‘ब्लॅक फ्रायडे’ इतकी वर्षं अडकून का पडला?

हुसेन झैदी यांचं पुस्तक २००२ मध्ये आलं. त्यावर अनुराग कश्यपनं केलेला सिनेमा २००५ मध्ये लागणार होता. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा खटला तेव्हा टाडा न्यायालयात सुरू होता. सिनेमामुळे आपल्या खटल्यावर परिणाम होईल म्हणून आरोपींच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि स्थगिती मिळाली. निकाल लागल्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला.

आपल्याकडचे लोक हे प्रकरण वेगळ्या कारणानं विचारतात. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी फाशी झाली ती आपल्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात. सिनेमात याकूबची छोटी भूमिका दिग्दर्शक इम्तियाज अली यांनी केली आहे. पुस्तक आणि सिनेमा दोन्ही त्या फाशीच्या कितीतरी आधीचे, म्हणून तो शेवट त्यांत शोधू नका.

१०. ‘तुंबाड’ हा ‘तुंबाडचे खोत’वर आहे ना?

नाही. श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीशी नावापुरतं नातं आहे, गोष्टीचं नाही. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमाचं (२०१८) बीज नारायण धारपांच्या कथेत आहे. १९९३ मध्ये एका मित्रानं ती गोष्ट त्यांना सांगितली ती नागझिऱ्याच्या जंगलात. आपल्या शेजारच्याच अभयारण्यात ही भीती पहिल्यांदा बर्वेंच्या मनात शिरली. तिथे मुक्काम केलेल्या कुणालाही, दिवे मालवल्यावर एखादी गोष्ट किती खोल जाते हे समजावून सांगावं लागणार नाही.

११. दादा, ‘दृश्यम’ जपानी पुस्तकावरून उचलला आहे का? आमच्या कॉलनीत यावरून भांडणं होतात.

जीतू जोसेफ यांचा मल्याळम ‘दृश्यम’ २०१३चा, आणि ती पटकथा आपली स्वतःची आहे असं ते सांगत आले आहेत. निशिकांत कामत यांचा हिंदी ‘दृश्यम’ (२०१५) हा त्याचा अधिकृत पुनर्निर्माण. केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही जपानी कादंबरी २००५ची. दोन्हींत हातून खून घडलेल्या घराला वाचवण्यासाठी एक हुशार माणूस पोलिसांसमोर खोटी वेळ उभी करतो, साम्य आहे ते इथे. पण कादंबरीतला गणिताचा शिक्षक शेजारणीसाठी हे करतो आणि त्याच्या मनात दबलेलं प्रेम हा तिचा गाभा आहे. हिंदी ‘दृश्यम’चा नायक विजय साळगावकर बाप म्हणून लढतो. युक्तीची जातही वेगळी आहे. माझ्या मते ही चोरी नाही.

त्या कादंबरीवरचा रीतसर हिंदी सिनेमा हवा असेल तर सुजॉय घोष यांचा ‘जाने जान’ (२०२३) पाहा. हिगाशिनोंच्याच दुसऱ्या कादंबरीवर ‘मोनिका, ओ माय डार्लिंग’ (२०२२) आहे.

१२. मग चोरी आणि प्रेरणा यांत कायदा फरक कसा करतो?

सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल यासाठी पाया मानला जातो. नाटककाराचं म्हणणं होतं की ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून घेतला. न्यायालयानं ते मानलं नाही. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असं निर्विवाद वाटलं पाहिजे, ही कसोटी. ‘झिंदा’ (२००६) आणि कोरियन ‘ओल्डबॉय’ (२००३) लागोपाठ पाहून ती कसोटी स्वतःच लावून बघा. ‘ओल्डबॉय’चं मूळ एक जपानी चित्रकादंबरी, आणि ते श्रेय तिथे दिलेलं आहे.

१३. सिनेमात शेवट का बदलतात?

तिकीट काढून आलेला माणूस उदास होऊन घरी जाऊ नये म्हणून, बहुतेक वेळा. पण कधी कधी बदल खुद्द लेखकच करतो. अगाथा ख्रिस्तीची ‘अँड देन देअर वर नन’ ही कादंबरी (१९३९) अतिशय काळोखी आहे. तिचं नाटक करताना ख्रिस्तीनं स्वतः शेवट मवाळ केला, आणि १९४५च्या सिनेमानं तोच घेतला. १९८७च्या सोव्हिएत सिनेमानं मात्र कादंबरीचा शेवट जसाच्या तसा ठेवला. आपला ‘गुमनाम’ (१९६५) याच गोष्टीवरून घेतलेला आहे, श्रेय न देता.

१४. खरा खुनी सापडलाच नसेल तर त्यावर सिनेमा कसा करतात?

बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) बघा. १९८६ ते १९९१ मध्ये दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात झालेल्या खुनांवर हा सिनेमा आहे, आणि मधला दुवा म्हणून एक नाटकही आहे. सिनेमा आला तेव्हा खुनी मोकळा आहे की मेला आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून दिग्दर्शकानं तपासातला पराभव हाच विषय केला. चिखलातले पावलांचे ठसे गावकऱ्यांच्या ट्रॅक्टरखाली जातात, मारझोड करून कबुलीजबाब घेतले जातात. अगदी शेवटी, खूप वर्षांनी, तो पोलीस सरळ कॅमेऱ्यात पाहतो. खुनी हा सिनेमा बघायला येईल आणि तेव्हा ही नजर त्याच्यावर पडेल, असा बोंग यांचा विचार होता. २०१९ मध्ये डीएनएवरून खुन्याची ओळख पटली. तो दुसऱ्याच खुनासाठी १९९४ पासून तुरुंगात होता.

‘झोडियॅक’ (२००७) याच जातीचा. तो रॉबर्ट ग्रेस्मिथच्या पुस्तकावर बेतलेला आहे, आणि पुस्तक लिहिणारा माणूस त्या शोधात कसा झिजतो हे त्यात दिसतं.

१५. जुन्या रहस्यकथेवर लघुपट करायचा आहे. परवानगी लागेल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले, म्हणजे होम्स मोकळा. शरदिंदू बंद्योपाध्याय १९७० मध्ये गेले, ब्योमकेशसाठी २०३० संपेपर्यंत परवानगी लागेल. ख्रिस्ती १९७६, म्हणजे २०३६ अखेर. अर्नाळकर, धारप, शिरवळकर सगळे हक्काखाली आहेत. वारसांना किंवा प्रकाशकाला भेटा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. भाषांतर वापरत असाल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, मूळ मोकळं असलं तरी.

१६. घरात मुलं आहेत. काय दाखवावं?

सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्रात आता ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आहेत, ते आधी पाहा. सोळाच्या आतल्यांना प्रश्न ६, ७ आणि ८ मधलं काहीही दाखवू नये असं मला वाटतं. दूरदर्शनचा जुना ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) मात्र सगळ्यांनी मिळून बघा.

१७. ही पुस्तकं नागपुरात कुठे मिळतील?

बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा, इंग्रजी थरारकथा तिथे हमखास येतात. जुन्या मराठी रहस्यकथांसाठी आपल्या भागातलं सार्वजनिक वाचनालय गाठा, आणि कपाटात दिसलं नाही तर ग्रंथपालांना विचारा. ही पुस्तकं अनेकदा मागच्या खोलीत पडलेली असतात.

१८. नागपुरातल्याच एका खटल्यावर मला लिहायचं आहे. संबंधितांची संमती नसेल तर?

ऑटो शंकर प्रकरणातल्या १९९४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिखाण संमतीशिवाय करता येतं. नोंदींच्या पलीकडे जाऊन कुणाचं खासगी आयुष्य लिहिलंत तर जबाबदारी तुमची. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. नाव टाळून वस्ती, शाळा, बापाचा धंदा असं लिहिलं आणि त्यावरून ती ओळखू आली, तरीही तो गुन्हाच. खटला अजून चालू असेल तर प्रश्न ९ पुन्हा वाचा.

लिहायला बसण्याआधी निकालपत्र मिळवा. अलीकडचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडतात. जुन्यांसाठी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. खटला क्रमांक आणि वर्ष सोबत असेल तर काम लवकर होतं. खटल्यात तुम्ही पक्षकार नाही, म्हणून प्रत कशासाठी हवी ते अर्जात स्पष्ट लिहा. निकाल हातात आला की साक्षीदारांच्या जबाबांचा भाग आधी वाचा, निष्कर्ष नंतर.